शनिवारी केलेला पाडवा

लिक्सलिप
रविवार, १२ ऑक्टोबर

स्वरूपा,

'प्रिय' लिहावं की नाही यात चहा गार झाला, म्हणून नुसतंच नाव लिहिलं. तू सांगितलं होतंस, फोन फक्त रेवाच्या शाळेचा, डॉक्टरचा किंवा कपड्यांचा. बाकी जे काही असेल ते लिहून पाठव, सवड झाली की वाचीन. म्हणून हा कागद. इतकं सलग मराठी मी दहावीनंतर लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

विषय आईचा आहे, माझा नाही. आज तुमचा कॉल झाला तेव्हा मीही होतोच, नेहमीसारखा गाडीत. तुमच्या दोघींमागून मीसुद्धा कॉर्कला राहायला गेलो आणि कामापुरता इकडे डब्लिनजवळ लिक्सलिपला येतो, असं आपण तिला मार्चमध्ये सांगून टाकलं, तेव्हापासून तिच्या लेखी मी दर रविवारी शिफ्टला निघालेला असतो. गाडी इथे लिक्सलिपला आपल्या दारातच उभी असते. शेजारचा डेक्लन कुत्र्याला फिरवायला निघतो आणि मला बंद गाडीत एकटाच हसत बसलेला बघून हात करतो. त्याला माझ्याबद्दल काय वाटतं हे मी विचारलेलं नाही.

तर तू फोन ठेवल्यावर आईने मला थांबवून घेतलं. म्हणाली, "जयू, पाडवा बुधवारी येतोय, तुम्हाला काही सुट्टी नसणार. शनिवारी करा. पण मला दाखवा बाबा. गेल्या वर्षी स्वरूपाला ताप होता, त्याच्या आदल्या वर्षी आपल्याकडे सुतक. तुझे बाबा गेल्यापासून माझा पाडवा संपला, तुमचा तरी बघू दे."

गेल्या वर्षीचा तो ताप तुला मीच आणला होता, आठवतंय ना? आता दुसरा आजार काढायची माझ्यात ताकद नाही. मी "हो" म्हटलं. तुला न विचारता म्हटलं, हे कबूल. तू फक्त पाच मिनिटं ओवाळ, ती नाशिकला बसून बघेल, संपलं. मी लगेच निघेन. माझ्यासाठी करू नकोस, तिच्यासाठी कर. तुमचं दोघींचं कधी वाकडं नव्हतं.

२५ तारखेच्या शनिवारी येतो. कॉर्कमध्ये त्या वीकेंडला जॅझचा धुमाकूळ असतो म्हणतात. सकाळी रेवाला माझ्याबरोबर शहरात सोडलंस तर तिचाच हात धरून बघीन तुमचं ते गाव. सोमवारी सुट्टी आहे, पण मला घाईच आहे, राहायचा वगैरे विचार नाही.

शिवाय तुला एक सांगायचं आहे. ते समोर सांगेन. वाईट नाही.

जयेश


कॉर्कच्या गाडीत
शनिवार, २५ ऑक्टोबर

स्वरूपा,

तुझ्याकडेच येतोय आणि तुलाच लिहितोय, यात काही अर्थ नाही हे मला कळतं. पण तुझा मेसेज मी इतक्यांदा वाचला की आता दुसरं काहीतरी करायला हवं होतं. "ग्रँड. आईंसाठी करते. शनिवारी तीनला. रात्री थांबणार असशील तर हॉटेल बघ." या सगळ्यात मी 'ग्रँड' तेवढं धरून बसलोय. या देशात माणूस पायावर हातोडा पडला तरी ग्रँड म्हणतो, हे आठ वर्षांत कळलंय, तरीही.

डबा खच्चून भरलाय. ट्रॉम्बोनच्या पेट्या सामानाच्या फळीवर मावत नाहीत म्हणून मधल्या वाटेत उभ्या आहेत. समोर कॉर्कचे एक म्हातारे बसलेत, टोपी, लाल गाल, आणि डब्लिन कसं राहण्याच्या लायकीचं नाही यावर थर्ल्स स्टेशनपासून अखंड बोलतायत. खरी राजधानी कॉर्कच, हे त्यांनी मला तीनचार वेगवेगळ्या मुद्द्यांनी पटवलं. मग विचारलं, "अँड यू, बॉय? व्हिजिटिंग?"

मी म्हटलं, "गोइंग होम."

तोंडातून निघून गेलं. माणूस खूश झाला. माझ्याशी हस्तांदोलन केलं, कॉर्कमध्ये कुठे विचारलं, आणि मी तुमचं डग्लस सांगितल्यावर तिथलं घर कोणतं तेही विचारलं. मला तुमच्या रस्त्याचं नाव आठवलं, पण घर कोणत्या रंगाचं आहे ते सांगता आलं नाही. मी बाहेर बघायला लागलो. मॅलो स्टेशन गेलं.

रॅकवर माझी बॅग आहे. तिच्याकडे बघून तू काही बोलू नकोस. एका दिवसासाठी ती जरा मोठी आहे, पण घरात दुसरी नव्हती.

सांगायचं ते मनात पाठ करून ठेवलंय. आधी रेवा, मग आई, मग ते. पत्र कॉर्कलाच पोस्टात टाकतो. तुझ्या हातात पडेल तोवर आपण बोललेलो असू आणि याला तू हसशील.

जयेश


लिक्सलिप
मंगळवार, २८ ऑक्टोबर

स्वरूपा,

तू तिथे होतीस, तरी मी लिहिणार आहे. सकाळी तू नव्हतीस, आणि दुपारचं तू तुझ्या बाजूने पाहिलंस.

सकाळपासून सांगतो, कारण सकाळ चांगली गेली. तू केंट स्टेशनच्या दारात रेवाला उतरवलंस आणि काच खाली न करता हात केलास. मला वाटलं, गाडी लावून येशील. तू निघून गेलीस. पण पोरीने हात धरला आणि म्हणाली, "कमॉन, बाबा, वी हॅव अ प्लॅन." मला वाटलं, चला, कुणाचा तरी आहे.

काय शहर आहे गं ते. नदी ओलांडली की थोड्या वेळाने तीच नदी परत समोर येते, म्हणजे आपण नक्की कुठल्या काठाला आहोत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक कोपऱ्यावर बँड. पॅट्रिक स्ट्रीटवर तर दोन बँड समोरासमोर उभे राहून एकमेकांना पुरून उरायला बघत होते आणि मधल्या गर्दीत एक आजीबाई खरेदीची पिशवी खाली ठेवून नाचत होत्या. लिक्सलिपमध्ये आपण शनिवारी काय करायचो? मी झोपायचो, तू कपडे धुवायचीस. मला त्या गर्दीत उभं राहून हे आठवलं आणि सांगतो, मला तुझा राग आला नाही. पहिल्यांदाच आला नाही.

इंग्लिश मार्केटमध्ये ऑलिव्हवाल्याने रेवाला नावाने हाक मारली. त्याने तिच्या हातावर एक ऑलिव्ह ठेवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "इज दिस युअर अंकल, गर्ल?"

"नो, दॅट्स माय डॅड," ती म्हणाली. "ही'ज फ्रॉम डब्लिन, लाइक."

तिने सहज सांगितलं, जसं आपण पाहुण्याचं गाव सांगतो. ऑलिव्हवाल्याने मला सहानुभूतीने एक ऑलिव्ह दिलं. आमच्या शहराबद्दल होती ती सहानुभूती, दुसरं काही त्याला माहीत नव्हतं. मी खाल्लं. खारट होतं.

मग शँडनचा मनोरा. तिथे वर जाऊन कुणालाही घंटा वाजवता येतात, तुला माहीत असेल, मला नव्हतं. दोरांवर नंबर आहेत, आणि पुठ्ठ्यावर नंबरांतच चाली लिहिलेल्या आहेत. रेवाने नंबर वाचायचे आणि मी ओढायचं असं ठरलं. मी पाचऐवजी सहा ओढला, मग घाबरून दोन्ही ओढले. माझी चूक अख्ख्या कॉर्कने ऐकली. रेवा जमिनीवर बसून हसली. दोन्ही हात पोटावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. असं हसणारी मुलगी आपल्या घरात कधी होती का? मी नाइटला असताना हसत असेल कदाचित. ती तिथे सुखात आहे. हे मला बघायचं होतं आणि बघायचं नव्हतंही.

त्या मनोऱ्यावरून उतरताना मी अगदी ठरवून टाकलं होतं, की आज सगळं नीट होणार.

आता दुपार.

तू काठापदराची हिरवी साडी नेसली होतीस. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. पाट मांडला होतास, भोवती छोटी रांगोळी. चिरोटे तू घरी केले होतेस. इतकं सगळं? मला वाटलं, नुसत्या दिखाव्यासाठी माणूस चिरोटे लाटत नाही. चूक माझीच. आईंसाठी करते असं तू लिहिलंच होतंस, आणि तू जे करतेस ते नीट करतेस.

फोन मायक्रोवेव्हला टेकवून ठेवला होता. आई चष्मा लावून, केसांत गजरा माळून बसली होती. बाबा गेल्यावर तिने गजरा कधी माळला नव्हता. तू कुंकू लावायला हात उचललास आणि तेवढ्यात रेवाने मागचं दार उघडलं. निरांजन विझलं.

एवढंच झालं. घरोघरी होतं.

"जयू, तू ऊठ की," आई म्हणाली. "तिच्या हातात ताट आहे. काडेपेटी आण पटकन."

मी उठलो. आपल्याच स्वयंपाकघरात काडेपेटी आणायला उठतो तसा उठलो. पहिलं कपाट, इथे ज्याला प्रेस म्हणतात ते, उघडलं, त्यात कप. दुसऱ्यात सीरियलचे खोके. तू हळूच म्हणालीस, "डावीकडे." मी डावीकडचं मोठं दार उघडलं आणि तो हॉट प्रेस निघाला, गरम पाण्याच्या टाकीचा. आत टॉवेल आणि रेवाचे मोजे. मी ते दार लावलं आणि का कुणास ठाऊक, परत उघडलं. परत टॉवेलच. सिंकखाली बघितलं. माझी पाठ कॅमेऱ्यात दिसत असेल हे मला कळत होतं, तरी मी वळलो नाही. कारण वळलो असतो तर आईचं तोंड बघावं लागलं असतं. शेवटी रेवाच गेली आणि गॅसजवळच्या, माझ्या अगदी कमरेजवळच्या ड्रॉवरमधून काडेपेटी काढून माझ्या हातात दिली.

फोनमधून काहीच आवाज येत नव्हता. मला वाटलं, कॉल गेला. देव करो आणि गेला असो.

मग आई म्हणाली, "जयू, चहाची पूड कुठे ठेवता रे तुम्ही?"

असं साधं विचारलं, जसं ती सारखं काहीतरी विचारते. आणि मी बोट दाखवलं. स्वरूपा, मी बोट का दाखवलं? "मला कुठे ठाऊक, सगळं हीच बघते" असं म्हटलं असतं तर खपलं असतं. अर्ध्या महाराष्ट्राच्या नवऱ्यांना ठाऊक नसतं. मी छातीठोकपणे खिडकीशेजारच्या प्रेसकडे बोट दाखवलं, आणि त्याचं दार अर्धवट उघडंच होतं. आत औषधं आणि बँडेज.

आईने चष्मा काढला. "स्वरूपा, ताट खाली ठेव बाळा. हात भरून आला असेल."

आणि फोन बंद झाला.

तू ताट ओट्यावर ठेवलंस. मला वाटलं, आता ओरडशील, आता रडशील. तू म्हणालीस, "जेवून जा." रेवा आणि मी जेवलो. तू उभ्या उभ्या वाढत होतीस. तीच वेळ होती सांगायची, पण तू पाणी आणायला वळलीस आणि मला वाटलं, बघू, जेवण झाल्यावर. जेवण झाल्यावर तू म्हणालीस, तुझी टॅक्सी आलीय. कानातले आणले होते. ओवाळल्यावर घालायचे असतात ताटात. ओवाळणं झालंच नाही, म्हणून खिशात राहिले.

रविवारी घड्याळं मागे गेली. म्हणजे त्या शहरात मला एक तास जास्तीचा मिळाला आणि तो घालवायला जागा नव्हती. हॉटेलातून बाहेर पडलो. सकाळपासूनच बँड सुरू होते. तेच रस्ते, तीच मजा, लोक मला तसेच "हाऊ आर ये" म्हणत होते, आणि मला ते सगळं एखाद्या दुसऱ्याच्या लग्नासारखं वाटत होतं. सेंट पॅट्रिक्स हिलवर चढलो. वरून शहर फार सुंदर दिसतं. डग्लस कुठल्या दिशेला हे एका बाईला विचारलं. तिने दाखवलं. डोंगर आडवा येत होता.

सोमवारपर्यंतचं बुकिंग होतं. रविवारीच परत आलो.

आता ते सांगतो, जे समोर सांगणार होतो. कॉर्कच्या बाहेर कॅरिगालाइनजवळ वैद्यकीय उपकरणांचा एक प्लांट आहे, तिथे मी अर्ज केलाय. दोन मुलाखती झाल्या, चांगल्या झाल्या. तू दोन वर्षं म्हणत होतीस, तिकडे बघ, तिकडे बघ. बघितलं. बॅग मोठी होती ती त्यामुळे. मला वाटलं होतं, तू सोमवारपर्यंत राहा म्हणशील.

आई माझा फोन उचलत नाहीये. तुझा उचलते का? एवढं कळव.

जयेश


लिक्सलिप
रविवार, १६ नोव्हेंबर

स्वरूपा,

तुझं पत्र मिळालं. तू पत्र लिहिशील असं वाटलं नव्हतं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, मराठीच्या शिक्षकांची मुलगी शोभतेस.

तू लिहिलंस ते खरं आहे, आईने गुरुवारी मला स्वतःच सांगितलं. त्या शनिवारी फोन बंद केल्यावर रात्रभर ती जागी होती, आणि सकाळी उठून तिने मला नाही, तुला फोन लावला. मला नक्की वाटलं होतं की ती तुझी समजूत घालेल. खोटं कशाला बोलू, मी त्याच्यावरच विसंबून बसलो होतो. दर रविवारी गाडीत बसून मी जे नाटक करत होतो, ते तिला दुःख होऊ नये म्हणून, असं मी तुलाही सांगायचो आणि स्वतःलाही. खरं असं होतं की जोवर ती आपल्याला नवराबायको समजत होती, तोवर जगात निदान एका ठिकाणी आपण होतो. आणि एक ना एक दिवस तिला कळेल, ती डोळ्यांत पाणी आणून तुला सांगेल, अगं जा परत, आणि तुला तिचा शब्द मोडवणार नाही. हा माझा शेवटचा पत्ता होता. तो मी स्वतः टाकणार नव्हतो, आपोआप पडायची वाट बघत होतो.

ती मला म्हणाली, "मी स्वरूपाला सांगितलं, आता माझ्यासाठी काही करू नकोस. पोरगी नोकरी करून, एकटीने लेक सांभाळून, वर माझ्यासाठी साडी नेसून उभी राहिली. मला लाज वाटली, जयू."

मी म्हटलं, "आई, मी तिकडे नोकरी बघतोय. मिळतेय."

मग म्हणाली, "तिने बोलावलंय का?"

मी म्हटलं, नाही.

"मग नको जाऊस," आई म्हणाली. "आता तिच्या गावात जाऊन बसू नकोस. तिला तेवढं तरी राहू दे."

माझी आई, स्वरूपा. तुझी नाही. पण बरोबर बोलली, हे मलाही कळलं, आणि तुझ्या पत्रातही तेच होतं, फक्त तू ते जास्त मऊ शब्दांत लिहिलंस. तू लिहिलंस, तुला माझा राग नाही. राग होता तेव्हा मी यायला हवं होतं. हे वाक्य मी आता काही दिवस तरी वाचणार नाही.

त्या प्लांटने मला घेतलं होतं. शुक्रवारी नाही कळवलं. फोनवरची बाई फार गोड बोलली, म्हणाली, कॉर्क इज लव्हली, आर यू शुअर? मी म्हटलं, मी बघितलंय.

तर आता व्यवहाराचं. वकिलांचं तू म्हणशील तसं. रेवाचं एका शनिवाराआड, तू लिहिलंस तसंच, दोघांच्याही वाटेत पडेल असं, पोर्टलीशला, मोटरवेवरच्या त्या सर्व्हिस स्टेशनात. तिथे बसायला जागा आहे, बर्गर मिळतो, रेवाला चालेल. मी येत्या बावीसला सकाळी येतो. तिला जाड कोट घालून पाठव, माझ्याकडचा तिला तोकडा झालाय.

आणि एक. आई मे महिन्यात येतेय. तिने तिकीट काढायला सांगितलं. मी मागची खोली रंगवायला काढावी का असा विचार करत होतो, तेवढ्यात म्हणाली की ती कॉर्कला उतरणार आहे, तुझ्याकडे. तू बोलावलंस म्हणे. रेवाला सुट्टी लागेपर्यंत तिथेच राहीन म्हणाली, स्वरूपाला डब्याचा तेवढाच आधार.

मी विचारलं, "आणि माझ्याकडे?"

तिने विचारलं, "ते पोर्टलीश तुला किती लांब पडतं रे?"

मी म्हटलं, तासभर.

"मग येईन की," ती म्हणाली, "रेवाबरोबर. भेटू तिथे."

बरं म्हटलं मी.

जयेश